पूर, बंद हायवे आणि रिकामे रॅक : कोल्हापूर-सांगलीकडच्या किराणा तुटवड्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं किराणा दुकान कोल्हापुरात, वडिलांपासून चालत आलेलं. २०१९ चा पूर, २०२० चं लॉकडाऊन, २०२१ ला परत पूर, तिन्ही वेळा काउंटरवर मीच होतो आणि तिन्ही वेळा लोकांनी तेच ते प्रश्न विचारले. आता दरवर्षी जुलै लागला आणि राजाराम बंधाऱ्याची (पंचगंगेची पुराची पातळी जिथं मोजतात तो) पातळी व्हॉट्सअॅपवर फिरायला लागली की परत तेच फोन चालू होतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. पुण्या-मुंबईतल्या लोकांनी पण वाचा, तुमचा पण यात संबंध आहे, खाली येईलच.

पूर नदीकाठाला येतो, मग उंचावरच्या पेठेतल्या दुकानात माल का संपतो?

कारण दुकान कोरडं असून उपयोग नाही, रस्ता कोरडा पाहिजे. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोराला पण पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवेवर पाणी आलं आणि जवळपास आठवडाभर हायवे बंद राहिला, हजारो ट्रक जिथल्या तिथे उभे. बरं, दुसरीकडून आणावं म्हटलं तर गगनबावड्याचा रस्ता आणि रत्नागिरीचा रस्ता हे तर हायवेच्या आधीच पाण्यात जातात, निपाणीच्या बाजूला यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर, आणि सांगलीकडून यावं तर सांगलीच पाण्यात, आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आणि पाणी ५७ फुटांवर गेलेलं. म्हणजे शहराचं बेट झालं हो. बेटावर जेवढं होतं तेवढंच खायचं.

पण आपल्या जिल्ह्यात तर सगळंच पिकतं की?

सगळं नाही. साखर आपली, गूळ आपला, तांदूळ आपला, दूध आपलं, सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा. पण चपातीचा गहू मध्य प्रदेशातून येतो, शाळू ज्वारी मंगळवेढा-सोलापूरकडून, तूरडाळ लातूर-सोलापूर-कलबुर्गीकडून, कांदा नगर-नाशिककडून, बटाटा मंचर, इंदूर, आग्र्यापर्यंतून, मीठ गुजरातचं. गोडेतेलाचं तर विचारूच नका, देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरच्या देशांतून बंदरावर उतरतं. बिस्किटं, साबण, बाळाच्या दुधाची पावडर, सॅनिटरी पॅड हे सगळं कंपन्यांच्या डेपोतून हायवेनंच येतं.

त्यामुळं २०१९ ला आमच्याकडं साखर आणि गूळ शेवटपर्यंत होता, तांदूळ पण बऱ्यापैकी होता. पहिल्यांदा काय संपलं तर मेणबत्ती, काडेपेटी, पाण्याच्या बाटल्या, ब्रेड, बिस्किटं. मग दुधाची पावडर. मग गव्हाचं पीठ, मग बटाटा आणि कांदा, मग तेल. मेणबत्ती पहिल्या संध्याकाळीच संपली, कारण लाइट गेली होती. आणि सगळीकडं पाणी असून प्यायला पाणी नाही ही अवस्था, कारण उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली, शहराचा पाणीपुरवठा बंद.

एका दुकानात साधारण किती दिवसांचा माल असतो?

माझ्यासारख्या गल्लीतल्या दुकानाचं सांगतो. डाळी, साबण, मसाले असा हळू खपणारा माल पंधरा दिवसांचा असतो, पीठ, तेल, साखर आठवड्याचं, आणि ब्रेड-दूध-अंडी त्या त्या दिवसाची. यापेक्षा जास्त ठेवायला जागा नसते आणि पैसा पण नसतो, कंपनीचा सेल्समन आठवड्यातून एकदा बीटला, म्हणजे त्याच्या ठरलेल्या फेरीवर येतो, ऑर्डर घेतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टेम्पो येतो, त्याच्यावर सगळं चाललेलं असतं. मोठ्या मॉलवाल्यांची फळी भरलेली दिसते पण त्यांचं पण गोडाऊन गावाबाहेर हायवेला असतं. हायवे बंद म्हणजे त्यांचं पण तेच, उलट लवकरच.

राजारामपुरीत सगळं मिळत होतं, आमच्या भागात का नाही? तुम्ही लपवून ठेवता का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि रागानं येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शहरातला भुसार माल बराचसा लक्ष्मीपुरीतल्या होलसेलवाल्यांकडून निघतो. २०१९ ला व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, दसरा चौक या भागात पाणी होतं. कुणाचं गोडाऊन पाण्यात, कुणाचं कोरडं पण दारापर्यंत टेम्पो जात नाही, कुणाचं सगळं ठीक पण हमाल नाहीत कारण हमालाचं स्वतःचंच घर पाण्यात गेलंय आणि तो बायकापोरं घेऊन शाळेत जाऊन बसलाय. पन्नास किलोचा कट्टा कोण उचलणार? आपण हे विसरतो, माल ट्रकनं येत नाही, माणसाच्या पाठीवरून येतो. त्यात पेट्रोल-डिझेल फक्त मदतीच्या गाड्यांना.

मग जो थोडा माल बाहेर पडतो तो कुणाला जातो? ज्याचं बिल मोठं, ज्याचा पैसा रोख आणि ज्याच्यापर्यंत टेम्पो सरळ जातो त्याला. गल्लीतल्या छोट्या दुकानदाराची आधीची उधारी बाकी असते, ऑर्डर दोन कट्ट्यांची असते, त्याचा नंबर शेवटी लागतो. त्या आठवड्यात एका होलसेलवाल्यानं मला फोनवर स्पष्ट सांगितलं की आधी मोठी दुकानं, मग तुम्ही, मला फार वाईट वाटलं कारण आमचा वीस वर्षांचा व्यवहार होता.

पण मग मी स्वतः काय केलं ते पण सांगितलं पाहिजे. माझ्याकडं जे पीठ होतं ते मी पहिल्या दोन दिवसांत आमच्या कायमच्या गिऱ्हाइकांना दिलं, कुणाला पाच किलो, कुणाला दहा. तिसऱ्या दिवशी मागच्या चाळीत राहणारी एक बाई आली, नवरा एमआयडीसीत कामाला, बिहारकडची, रोजच्या रोज किलोभर आटा नेणारी. माझ्याकडं आटा नव्हता. ज्यांच्या घरात आधीच डबे भरलेले होते त्यांच्याकडं मी अजून दहा किलो पाठवला आणि जिच्या घरात चिमूटभर नव्हता तिला नाही म्हणालो. ती काही बोलली नाही, तांदूळ घेऊन गेली. ते माझ्या डोक्यातून जात नाही. होलसेलवाल्यानं माझ्याशी केलं तेच मी तिच्याशी केलं, तेव्हापासून आमच्याकडं नियम आहे, पाणी ३९ फुटांवर गेलं की पीठ घरटी दोन किलो, तेल एक पिशवी, मग तो नगरसेवक असो नाहीतर माझा सख्खा मेहुणा. २०२१ ला पाळला. भांडणं झाली, पण पाळला.

घरात दहा किलो जादा आणलं तर काय एवढं बिघडतं?

हिशोब बघा. माझ्या दुकानावर समजा दोनशे घरं आहेत आणि एरवी घरटी आठवड्याला दोन पिशव्या तेल जातं, तर मी चारशे पिशव्या ठेवतो. एका संध्याकाळी प्रत्येकानं चार नेल्या तर शंभराव्या घरातच माल संपला, पुढच्या शंभर घरांना काही नाही, आणि यात कुणी एकानं पण काही गुन्हा केलेला नाही. पाणी चढायला लागल्यावर नेलेलं दहा किलो आणि मे महिन्यात नेलेलं दहा किलो यात हाच फरक आहे. मे महिन्यात न्या, मी आनंदानं देतो, मला परत भरायला वेळ असतो.

साठेबाजीचा कायदा जो आहे, १९५५ चा जीवनावश्यक वस्तूंचा, त्यात सरकार व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादा घालू शकतं. वर्षाचा गहू भरून ठेवणं ही आपली जुनी पद्धत आहे, ती साठेबाजी नव्हे.

मुंबई-पुण्याचा याच्याशी काय संबंध?

२०१९ च्या त्याच आठवड्यात मुंबई-पुण्यात दुधाची टंचाई झाली ना? ते हेच. कोल्हापूर-सांगलीकडचं दूध रोज टँकरनं तिकडं जातं, हायवे बंद झाल्यावर गावागावातलं संकलनच थांबवावं लागलं. आता म्हशीला काही पूर कळत नाही, ती दोन वेळा दूध देणारच. म्हणजे इकडं गावात घागरी भरून दूध, नेणारं कुणी नाही, लोकांनी वाटलं, आटवलं, ओतून पण दिलं, आणि तिकडं मुंबईत पहाटे लाइन. आणि आमच्याच शहरात नदीपलीकडचं दूध अलीकडं येत नव्हतं म्हणून तान्ह्या पोरांच्या आया पावडर शोधत फिरत होत्या. एकाच जिल्ह्यात दूध ओतणारे पण आणि दूध शोधणारे पण, मध्ये फक्त पाणी आलेला एक रस्ता. तुटवडा म्हणजे देशात माल नाही असं लोकांना वाटतं ना, बहुतेक वेळा तो असा असतो, माल असतो पण पोचत नाही.

मदतीचे एवढे ट्रक आले, मग काही गावांना का मिळालं नाही?

मदत मनापासून आली, सगळ्या महाराष्ट्रातून आली, त्याबद्दल आम्ही जन्मभर ऋणी आहोत. पण ट्रक थांबतो कुठं? जिथं रस्ता आहे, जिथं गर्दी दिसते तिथं. आम्ही दुकानदार पोरं मिळून शिरोळ तालुक्यात गेलो तेव्हा बघितलं, रस्त्यावरच्या गावात एकाच घरात पाच-पाच बिस्किटांचे बॉक्स, पाण्याच्या बाटल्यांचे ढीग, जुने कपडे तर रस्त्यावर पडलेले, आणि आत मळ्यात राहणाऱ्या वस्तीवर चौथ्या दिवशी पण काही पोचलं नव्हतं. आणि काय पोचतंय ते पण बघा, बिस्किटं आणि मॅगी सगळे पाठवतात, पण घर धुऊन काढल्यावर चूल पेटवायला लागतं ते तिखट, मीठ, तेल, तूरडाळ, गॅस. कृपा करून पुढच्या वेळी पाठवण्याआधी तिथल्या कुणाला तरी एक फोन करा.

सरकारी धान्याचं तर २०१९ ला घरटी १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ असं ठरलं, पण त्यात अट होती की घर दोन दिवस पाण्याखाली असलं पाहिजे. लोक भडकले आणि बरोबर भडकले. घरात पाणी नाही आलं पण चारी बाजूनं पाणी, काम बंद, दुकान बंद, त्या माणसाला भूक नाही का?

रेशन दुकान पाण्यात गेलं तर धान्य कुठून घ्यायचं?

हे खूप जणांना माहीतच नाही. आपल्याच दुकानातून घ्यायची सक्ती आता राहिलेली नाही, वन नेशन वन रेशन कार्डमुळं आधारचा अंगठा लावून कुठल्याही रेशन दुकानातून घेता येतं, दुसऱ्या जिल्ह्यात पण आणि दुसऱ्या राज्यात पण. पाहुण्यांकडं जाऊन राहिला असाल तर तिथं घ्या. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला कार्डामागं ३५ किलो, आणि १ जानेवारी २०२३ पासून हे फुकट आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. तक्रारीला १९६७ नंबर आहे. अडचण एकच, मशीनला नेटवर्क लागतं आणि पुरात टॉवर पण बंद पडतात. म्हणून माझं म्हणणं आहे की जूनचं आणि जुलैचं धान्य महिनाअखेरीवर ढकलू नका, आल्या आल्या उचला.

गडचिरोलीत म्हणे पावसाळ्याचं रेशन आधीच देतात?

हो. भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी आलं की तालुक्याचा संपर्कच तुटतो, पावसाळ्यात कितीतरी वेळा. तसंच मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडं आणि नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागात, तिथं नर्मदाकाठची काही गावं तर बोटीवरच अवलंबून. अशा गावांसाठी नवसंजीवनी योजनेत पावसाळ्यातल्या चार महिन्यांचं धान्य पाऊस सुरू व्हायच्या आधीच पोचवून ठेवायची पद्धत आहे. तिथं पण सगळं सुरळीत चालतं असं मी म्हणत नाही, एकदा नेलेल्या तांदळावर चार महिने काढणं, त्यात डाळ-तेल नाही, भाजी नाही, पोरांच्या अंगावर काय चढणार. पण निदान तांदूळ तरी नदीच्या अलीकडं असतो.

मला नेहमी वाटतं, हेच आपल्या शिरोळ, करवीर, पलूस, वाळवा भागातल्या ठरलेल्या पूरगावांना का नको? आता कुठलं गाव कितव्या फुटाला तुटतं हे तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. गावातल्या सगळ्यात उंच शाळेत किंवा देवळाच्या हॉलमध्ये जुलै-ऑगस्टचं धान्य, पीठ, तेल, दुधाची पावडर आधी नेऊन ठेवायची, पाणी नाही आलं तर सप्टेंबरमध्ये रेशनवर वाटून टाकायची. एक दाणा वाया जाणार नाही. बोटीतून धान्य नेण्यापेक्षा मे महिन्यात ट्रॅक्टरनं नेणं कितीतरी स्वस्त आणि बिनधोक.

लॉकडाऊनमध्ये तर पूर नव्हता, तेव्हा का मिळत नव्हतं?

तेव्हा उलटं होतं, रस्ता होता आणि माणूस नव्हता. २५ मार्च २०२० पासून बंद, किराणा चालू ठेवायची परवानगी होती, पण ड्रायव्हर गाव गाठायला निघालेले, वाटेतले ढाबे बंद, हमाल नाहीत, डाळ मिलमध्ये कामगार नाहीत. कंपन्या सतरा प्रकारची बिस्किटं बंद करून दोन-तीनच काढायला लागल्या. मे महिन्यात नवी मुंबईचं वाशीचं मार्केट आठवडाभर बंद ठेवायला लागलं कारण तिथंच रुग्ण वाढले. आणि गोव्यातल्या मावशीचं सांगतो, तिकडं पहिल्या काही दिवसांत किराणा दुकानंच बंद होती आणि गोव्याची भाजी बहुतेक बेळगावहून येते, ती पण अडकली. मावशीनं घरातल्या कुळथावर आणि सुक्या बांगड्यावर आठवडा काढला, आमच्यापासून जेमतेम दोनशे किलोमीटरवर, आणि त्याच आठवड्यात आमच्याकडं शेतकरी कोबी रानातच सोडून देत होते.

टंचाईत दुकानदार जादा पैसे घेतो, काय करायचं?

पॅकबंद वस्तूवर छापलेल्या एमआरपीच्या वर एक रुपया पण घेणं गुन्हा आहे, बिल मागा, १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि जिल्ह्याच्या वैधमापन ऑफिसला तक्रार करता येते. सुट्ट्या मालाला, म्हणजे कांदा, बटाटा, सुटी डाळ याला एमआरपी नसते, तिथं होलसेलचा भाव चढला की आमचा पण चढतो. पण २० चा कांदा रातोरात १०० ला विकणाऱ्या दुकानात पूर ओसरल्यावर जाऊ नका, एवढं तर तुम्ही करू शकता.

अमेरिकेतल्या बहिणीनं सांगितलं तिकडं तांदूळ संपला, ते काय?

ते २०२३ चं. २० जुलैला सरकारनं बासमती सोडून साध्या पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि तिकडच्या इंडियन स्टोअरमध्ये लोकांनी सोना मसुरीच्या गोण्याच्या गोण्या उचलल्या. गोदामात माल होता, बोटीवर पण होता, पण बातमी बोटीच्या आधी पोचली. मग दुकानांनी माणशी एक गोणी असा नियम लावला. म्हणजे माझा दोन किलोचा नियम तिकडं पण.

घरात काय आणि किती ठेवावं?

निदान दहा दिवसांचं ठेवा. आणि नुसता गहू ठेवून चालत नाही हे २०१९ ला शिकलो, लोकांकडं पोत्यानं गहू होता पण लाइट नाही म्हणून गिरणी बंद, करणार काय? तांदूळ, थोडं दळलेलं पीठ, पोहे, रवा, भडंग-चुरमुरे, शेंगदाणे, गूळ, तूरडाळ, मूगडाळ (मूगडाळ लवकर शिजते, गॅस वाचतो), तेल, मीठ, चटणी, लहान पोर असेल तर पावडर, मेणबत्ती-काडेपेटी, आणि वय झालेल्यांची गोळ्या-औषधं पंधरा दिवसांची. हे सगळं खालच्या कपाटात नको, माळ्यावर, प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. एक गॅस सिलेंडर भरलेला. ज्यांना एकदम भरणं परवडत नाही त्यांनी एप्रिलपासून दर आठवड्याला एक-एक किलो जादा न्या, आमच्याकडं मी तसं वहीत लिहून देतो, पैसे दिवाळीपर्यंत दिले तरी चालतील.

पुरात भिजलेलं धान्य वाळवून खाल्लं तर चालतं का?

नाही. कळतं मला, पोतं टाकून देताना काळीज तुटतं, माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराची ऐंशी कट्टे साखर विरघळून गटारीतून वाहून गेली, तो माणूस पायरीवर बसून राहिला होता. पण पुराच्या पाण्यात गटार असतं, मेलेली जनावरं असतात, शेतातली औषधं असतात. वाळवल्यानं ते जात नाही. सीलबंद पत्र्याचा डबा फुगलेला किंवा गंजलेला नसेल तर बाहेरून साबणानं धुऊन, जंतुनाशकानं पुसून वापरा, प्लास्टिकची पिशवी मात्र शिवणीतून पाणी घेते, ती नको. जनावरांना पण घालू नका. आणि कुणी निम्म्या भावात डाळ-तांदूळ विकायला आला पूर ओसरल्यावर, तर वास घेऊन बघा आणि परत पाठवा.

तुम्ही दुकान पावसाळ्यासाठी कधी भरता? यादी कधी देऊ?

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. वळवाचे एक-दोन पाऊस झाले की मी खालचे दोन रॅक रिकामे करतो, माल वरच्या माळ्यावर चढवतो आणि पीठ-तेल-पावडरचा जादा माल भरतो. १५ मेपर्यंत यादी द्या, कागदावर किंवा व्हॉट्सअॅपवर कशीही. घरात म्हातारं माणूस एकटं असेल, तान्हं बाळ असेल किंवा दिवस गेलेली बाई असेल तर यादीच्या वर तसं लिहा, त्या घरांचा माल मी वेगळा बांधून ठेवतो आणि पाणी ३५ फुटांवर गेलं की पोरगा घरपोच आणून देतो.